आधी क्लेम, मग सरस

प्रश्न : बरेच दिवस शोधून मी एका गृहस्थांकडून वापरलेली अकूस्टिक गिटार विकत घेतली. बोटं आखडू लागल्यामुळे त्यांनी ती विकायला काढली होती. व्हिडिओ कॉलवर त्यांनी वाजवून दाखवली, मी सगळीकडून पाहून घेतली आणि पूर्ण पैसे पाठवले. खोक्यात घालून कुरिअरने त्यांनीच पाठवली. पार्सल आलं तेव्हा मी घरी नव्हते. शेजाऱ्यांनी सही करून ठेवून घेतलं. दोन दिवसांनी उघडलं. खोक्याचा एक कोपरा चेपलेला, आत साधी गिग बॅग, म्हणजे गिटारीची मऊ पिशवी, आणि तिच्याभोवती बबल रॅप. वरवर सगळं ठीक वाटलं, पण तारा सुरात लावायला गेले तर नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे, मानेवर तिरका तडा दिसला. खुंटी पिळली की तो उघडतो. गिटार हलवली की आतून काहीतरी खडखडतंही. गृहस्थ म्हणतात, "माझ्याकडून निघाली तेव्हा उत्तम होती, तुम्ही कुरिअरशी बोला." कुरिअरवाले म्हणतात, पॅकिंग नीट नव्हतं, शिवाय माल सही करून घेतला आहे. भाऊ म्हणतो, इन्स्टंट ग्लू लावून रात्रीत चिकटवून देतो. गृहस्थ सज्जन आहेत, त्यांच्याशी भांडायची माझी इच्छा नाही. गिटार परत करू, दुरुस्त करू, की भावाच्या हाती देऊ?
— एक वाचक

उत्तर : भावाच्या हाती तर मुळीच देऊ नका. परत करायची की दुरुस्त करायची हा निर्णय आठवडाभर लांबला तरी काही बिघडत नाही; पण आज रात्री त्या तड्यात ग्लू गेला, तर दोन्ही वाटा अडतील. कुरिअर कंपनी म्हणेल, आम्ही पाहण्याआधीच तुम्ही वस्तूला हात लावला. गृहस्थ म्हणतील, आता मी ही परत कशी घेऊ? आणि पुढे ज्या कारागिराकडे गिटार जाईल तो कपाळाला हात लावेल, कारण हा ग्लू लाकडाच्या तंतूंत शिरून कडक होतो आणि मग त्या थरावर लाकडाचा चांगला गोंदही नीट धरत नाही. गिटार दुरुस्त करणारे इन्स्टंट ग्लू वापरतात, नाही असं नाही. पण तो पॉलिशचा टवका भरायला किंवा नटची झिजलेली खाच भरून काढायला. तुमचा तडा जिथे आहे, त्या जोडासाठी नव्हे.

त्या जागेवर किती ताण असतो याची कल्पना भावाला द्या, म्हणजे त्याचा उत्साह जरा ओसरेल. लाइट गेजच्या, म्हणजे पातळ, स्टीलच्या सहा तारा सुरात असताना मिळून ७० किलोच्या वर ओढ देतात. नायलॉनच्या तारांची ओढही ४० किलोच्या आसपास असते. गिटार उभी ठेवा, आडवी ठेवा, वाजवा, न वाजवा, ही ओढ चोवीस तास चालूच असते आणि तुमच्या गिटारीत ती आत्ता थेट तड्यावर येते आहे. म्हणून आधी फोटो काढा आणि लगेच तारा उतरवा. एकच तार पूर्ण सोडून मग दुसरी, असं नको. सहाही खुंट्या आळीपाळीने थोड्या थोड्या फिरवत तारा पार ढिल्या करा. त्यानंतर तडा किती उघडतो हे कुणालाही दाखवू नका. पाहुण्यांनाही नाही, भावालाही नाही. तुटलेले तंतू एकमेकांत जितके नेमके बसतात तितका जोड पक्का होतो, आणि दर वेळी तडा उघडून मिटवला की त्यातले काही तंतू वाकतात, मोडतात. एखादी कपची निघाली असेल तर पाकिटात घालून ठेवा, कितीही बारीक असली तरी.

फोटोंबद्दल दोन गोष्टी. पहिली म्हणजे गिटारीपेक्षा खोक्याचे फोटो जास्त काढा. सहाही बाजू, पत्त्याचं लेबल, चेपलेला कोपरा जवळून आणि लांबून, बबल रॅपचे थर, गिग बॅग. चेपलेला कोपरा गिटारीच्या कोणत्या टोकाला येत होता ते दिसावं म्हणून गिटार बॅगेसकट खोक्यात पूर्वी होती तशी ठेवून एक फोटो घ्या. तो कोपरा हेडस्टॉकच्या (मानेच्या टोकाच्या, खुंट्या असलेल्या भागाच्या) बाजूचा निघाला तर तुमचं अर्धं म्हणणं त्या एका फोटोतच मांडून होईल. दुसरी गोष्ट तड्याच्या आतल्या रंगाची. ताज्या तड्यातलं लाकूड स्वच्छ आणि उजळ दिसतं. जुन्या तड्यात मळ, घाम, पॉलिश मुरलेलं असतं. उद्या कुणी "हे आधीचंच असणार" म्हणालं तर उत्तर द्यायला तड्याचा उजेडात, जवळून काढलेला फोटो हवा. गृहस्थांनी जाहिरातीत टाकलेले फोटो आणि त्यांच्याशी झालेला लेखी संवादही आजच साठवून ठेवा, कारण विक्री झाल्यावर लोक जाहिरात काढून टाकतात.

खोका, बबल रॅप, चिकटपट्टी, सगळं जपून ठेवा. घरात अडचण होईल, होऊ दे. अनेक कंपन्या क्लेम मंजूर करण्याआधी माल आणि पॅकिंग पाहायला माणूस पाठवतात, किंवा दोन्ही घेऊन बोलावतात. पॅकिंग रद्दीत गेलं असेल तर "पॅकिंग नीट नव्हतं" हे त्यांचं म्हणणं खोडून काढायला तुमच्या हाती काही उरत नाही.

आता मुदतीचं. कॅनडाचे गायक डेव्ह कॅरोल यांची टेलर गिटार २००८ साली विमानप्रवासात सामानाच्या हाताळणीत मोडली आणि पुढच्या वर्षी त्यांनी त्यावर केलेलं गाणं जगभर गाजलं. ते गाणं लोकांना आठवतं. विमान कंपनीने भरपाई नाकारताना पुढे केलेलं कारण फारसं कुणाला आठवत नाही: तक्रार २४ तासांत नोंदवली नव्हती. कॅरोल यांच्याकडे लाखो लोकांना हसवायची हातोटी होती. तुमच्या-माझ्याकडे ती नसेल, तर तारीख सांभाळलेली बरी.

तुमचं पार्सल देशातल्या देशात आलेलं दिसतं, त्यामुळे तुम्हाला लागू होणारी मुदत त्या कुरिअरच्या पावतीच्या मागे किंवा त्यांच्या अटींमध्ये छापलेली असेल. कुठे ती काही दिवसांची असते, कुठे काही आठवड्यांची. ती शोधा, पण शोधून होईपर्यंत थांबू नका. लेखी तक्रार आजच जाऊ द्या. हेल्पलाइनवर जे बोलणं झालं त्याला तक्रार म्हणत नाहीत. तक्रारीचा नंबर मिळाला, ईमेल गेला आणि त्याची पोच आली, तरच ती झाली. परदेशातून विमानाने गिटार मागवणाऱ्या वाचकांसाठी: आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीचा १९९९चा मॉन्ट्रियल करार जिथे लागू होतो, तिथे माल खराब झाल्याची लेखी तक्रार माल हाती आल्यापासून १४ दिवसांत करावी लागते आणि प्रवाशाच्या चेक-इन सामानासाठी ही मुदत अवघी ७ दिवसांची आहे. मुदत चुकली की विमान कंपनीविरुद्ध दावाच उभा राहत नाही.

सहीचं फार मनावर घेऊ नका. शेजाऱ्यांनी सही केली ती एक बंद खोका मिळाल्याची. आतली गिटार धड होती अशी ग्वाही ते कशी देतील? अर्थात, तक्रार न करता माल घेतला की तो सुस्थितीत मिळाला असं धरून चालायचं, हा वाहतुकीच्या कायद्यांत बऱ्याच ठिकाणी रूढ असलेला संकेत आहे. पण तो केवळ गृहीत असतो आणि पुराव्याने खोडता येतो. शेजाऱ्यांना तेवढं विचारून ठेवा, खोका घेतला तेव्हाच कोपरा चेपलेला होता का. होता असं म्हणाले तर तसं दोन ओळींत लिहून मागा.

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते गृहस्थांचं "तुम्ही कुरिअरशी बोला". ते मुद्दाम टाळत आहेत असं मला वाटत नाही. अनेकांचा असाच समज असतो. पण पार्सल त्यांनी बुक केलं, पैसे त्यांनी भरले, मालाची किंमत काय लिहायची आणि विमा घ्यायचा की नाही हे त्यांनी ठरवलं. कुरिअरचा करार बहुतेक वेळा पाठवणाऱ्याशी असतो, आणि कित्येक कंपन्या घेणाऱ्याचा क्लेम पाहतही नाहीत. म्हणजे तुम्ही एकट्या कुरिअरशी महिनाभर भांडलात तरी शेवटी "सेंडरकडून अर्ज येऊ द्या" हेच ऐकायला मिळेल, आणि तोवर मुदत टळलेली असेल. त्यांच्याशी भांडायची तुमची इच्छा नाही, हे इथे कामाला येईल. तुम्हाला त्यांच्याविरुद्ध नव्हे, त्यांच्या बरोबरीने उभं राहायचं आहे. पण त्यांच्या सज्जनपणामुळे संकोचून पत्रच पाठवलं नाही, असं होऊ देऊ नका. साधारण असं लिहा:

"नमस्कार. गिटार मिळाली, पण प्रवासात हेडस्टॉकजवळ तडा गेला आहे. फोटो सोबत जोडते आहे. तुम्ही ती व्यवस्थित अवस्थेत पाठवलीत याबद्दल मला शंका नाही. पार्सल तुमच्या नावाने बुक झाल्यामुळे क्लेम तुमच्याकडूनच जावा लागेल, आणि त्याला मुदत असते. म्हणून कृपया आज-उद्यात अर्ज कराल का? बुकिंगची पावती, लिहिलेली किंमत आणि विमा घेतला असल्यास त्याचे कागद मला पाठवावेत. फोटो, दुरुस्तीचा अंदाज, जे लागेल ते मी पुरवते. क्लेमचं काय होतं ते पाहून गिटार परत करायची की किंमत कमी करून मी ठेवून घ्यायची, हे आपण दोघं मिळून ठरवू. तोपर्यंत मी गिटारीला हात लावत नाही."

यातलं शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. ते पहिल्याच पत्रात सौम्यपणे लिहिलेलं असलं की पुढे पैशांचा विषय काढताना अवघडल्यासारखं होत नाही. फोनवर बोलायला हरकत नाही, त्यांना तेच सोयीचं वाटत असेल. पण फोन ठेवल्यावर काय ठरलं ते दोन ओळींत कळवून टाका.

कुरिअर कंपनीच्या "पॅकिंग नीट नव्हतं" या म्हणण्यात तथ्य आहे, हे तुम्हाला रुचलं नाही तरी सांगायला हवं. गिग बॅग ही खांद्याला अडकवून तालमीला जाण्यासाठी असते. तिच्याभोवती कितीही बबल रॅप गुंडाळलं तरी खोका आपटल्यावर काय होतं ते पाहा: गिटारीचा देह रुंद असल्याने टेकतो आणि थांबतो, पण खुंट्यांचं धातूचं वजन घेऊन टोकाला असलेला हेडस्टॉक मात्र आपल्या वेगाने पुढे जातच राहतो. दोघांच्या मध्ये मान सर्वांत बारीक असते ती नेमकी नटच्या मागे. तारा सुरात ताणलेल्या असतील तर तिथे आधीच ओढ असते. झटका आला की लाकूड तंतूंच्या रेषेत फाटतं. मानेखाली आणि हेडस्टॉकच्या आजूबाजूला काही भरलेलं नसेल, तर बाहेरून खोका जवळपास धड असूनही आत हे होऊ शकतं. बहुधा तुमच्याकडे हेच झालंय.

म्हणून क्लेम पूर्ण मंजूर होईलच, अशा भरवशावर राहू नका. चेपलेला कोपरा तुमच्या बाजूने आहे, गिग बॅग विरुद्ध आहे. त्यात आणखी एक गोम असते. पार्सलवर किंमत लिहिली म्हणजे विमा झाला असं नाही. काही ठिकाणी लिहिलेली किंमत फक्त कंपनीच्या जबाबदारीची कमाल मर्यादा ठरवते, काही ठिकाणी तीही ठरवत नाही. विम्याचे पैसे वेगळे भरलेले असावे लागतात. काहीच भरलेलं नसेल तर भरपाई बहुतेकदा वजनावर येऊन थांबते. मॉन्ट्रियल करारात जास्त किंमत जाहीर केलेली नसेल तर मालाची मर्यादा किलोला २६ एसडीआर आहे (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, डिसेंबर २०२४च्या आधी ही मर्यादा २२ होती). गिटारवाल्यांना हा हिशेब फारच महागात पडतो. चांगली अकूस्टिक गिटार हलकी असते, कारागिराने लाकूड तासून तासून पातळ केलेलं असतं ते तिने जास्त बोलावं म्हणून, आणि तोच हलकेपणा भरपाईच्या वेळी आडवा येतो. भाडं आकारताना मात्र खोका केवढा मोठा आहे ते मोजतात.

क्लेम पाठवण्याआधी त्या खडखडीचा छडा लावा, कारण नुकसानीची यादी एकदाच आणि पूर्ण जायला हवी. नंतर "आणखी एक सापडलं" म्हटलं की संशय येतो. तारा ढिल्या झाल्या आहेतच. त्या बाजूला सारून मोबाइल साउंडहोलमधून (वरच्या फळीतल्या गोल भोकातून) आत घाला आणि व्हिडिओ चालू ठेवून वरच्या फळीची आतली बाजू टिपा. तिथे लाकडाच्या पट्ट्या दिसतील, त्यांना ब्रेस म्हणतात. एखादीचं टोक फळीपासून सुटलंय का, कडेला फट दिसतेय का ते पाहा. बाहेरून बोटाच्या पेराने फळीवर हलके टिचक्या मारत गेलात तर सुटलेल्या ब्रेसच्या जागी आवाज फाटका येतो. खडखडणारी वस्तू साधीही असू शकते, प्रीअँपची (आवाज वाढवणाऱ्या यंत्राची) निसटलेली बॅटरी किंवा तारा छेडायचं, आत पडलेलं प्लेक्ट्रम. मग ब्रिजच्या (फळीवर तारा अडकवलेल्या असतात त्या पट्टीच्या) कडेने पातळ कागद सरकवून पाहा. कागद आत शिरला तर ब्रिज उचलला गेला आहे. मान देहाला मिळते त्या टाचेजवळ नवी रेघ आहे का, खुंट्यांचे दांडे वाकलेत का, हेही बघून घ्या. शेवटी खोलीतला दिवा बाजूला धरून तिरप्या उजेडात फळी न्याहाळा. लाकडाचा तडा सहसा तंतूंच्या दिशेने जातो. पॉलिशला गेलेल्या बारीक चिरा कशाही, आडव्याही जातात. त्या गारठ्यातून एकदम उबेत आलेल्या, जुन्या पद्धतीच्या लॅकरच्या गिटारींवर दिसतात. दिसायला वाईट, पण वाजवायला त्यांचा त्रास नाही. (याच कारणासाठी थंडीतून आलेली गिटार केसमध्ये काही तास तशीच ठेवून मग उघडावी असं सांगतात. सल्ला योग्य आहे. फक्त बाहेरच्या खोक्याचे फोटो काढायला तेवढे तास थांबू नये.)

एवढं झाल्यावर कारागिराकडे जा. दुरुस्तीला नाही, अंदाज लिहून घ्यायला. त्या कागदावर तीन गोष्टी हव्यात: नुकसान काय आहे आणि ते आघाताने झालेलं दिसतं का; मजबुतीच्या कामाचा खर्च; आणि रंग-पॉलिशच्या कामाचा खर्च वेगळा. हे दोन आकडे वेगळे मागण्याचं कारण असं की मोडलेलं जोडणं अनेकदा स्वस्तात होतं, पण जोड दिसू नये म्हणून करायचं पॉलिश त्याहून कितीतरी महाग पडतं. गिटार तुम्ही वाजवायला घेतली असेल तर पॉलिशवर खर्च न करताही भागेल, मात्र क्लेममध्ये दोन्ही आकडे मागायचे.

आता खरा प्रश्न, ही गिटार ठेवण्याच्या लायकीची राहिली का? हेडस्टॉकजवळचा तडा पाहून पोटात गोळा येतो, पण गिटारीच्या दुखण्यांत हे बरं होणारं दुखणं आहे. लाकूड तिथेच का फाटतं याला कारणं आहेत. तारा नटवर दाबून बसाव्यात म्हणून बहुतेक अकूस्टिक गिटारींचा हेडस्टॉक मागे कललेला असतो. मान आणि हेडस्टॉक एकाच लाकडातून कापले तर त्या कलत्या भागात तंतू आरपार न जाता तिरके तुटतात, आणि काही गिटारींत त्याच ठिकाणी ट्रस रॉडच्या, म्हणजे मानेतल्या धातूच्या सळईच्या, कसायच्या चाकीसाठी लाकूड कोरून काढलेलं असतं. गिब्सन कंपनीच्या गिटारी अशा मोडण्याबाबत प्रसिद्ध आहेत. हेडस्टॉकचा कल त्यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यात १७ अंशांवरून १४वर आणला, पुढे त्या जागी मागून लाकडाचा उंचवटाही ठेवून पाहिला, आणि गिऱ्हाइकांना जुनाच आकार आवडतो म्हणून पुन्हा १७ अंशांकडे वळले. फेंडरच्या इलेक्ट्रिक गिटारींचा हेडस्टॉक कललेला नसतो, त्या इथे सहसा मोडत नाहीत.

तिरका, लांबट तडा हा त्यातल्या त्यात चांगला. गोंद धरायला जागा भरपूर मिळते आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत बिनचूक बसतात. कारागीर तडा जेमतेम उघडून आतपर्यंत गोंद पोचवतो, आकाराला बेतलेल्या लाकडी ठोकळ्यांसह क्लॅम्प कसतो आणि पुरेसा सुकू देतो. गोंद म्हणून कुणी गरम सरस (जनावरांच्या कातड्यापासून केलेला जुना गोंद) वापरतं, कुणी लाकडाचा पिवळा गोंद. दोन्ही चालतात, नीट बसलेला असा जोड आजूबाजूच्या लाकडाइतका, कधी त्याहूनही पक्का होतो. सरसाची बाजू घेणारे म्हणतात की पुढे कधी जोड सोडवायचा झाला तर तो उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो. मी त्या बाजूचा आहे, पण कारागिराचा हात ज्यावर बसला असेल तेच त्याला वापरू द्यावं, आपली मतं लादू नयेत. तडा आखूड आणि आडवा असता तर मात्र मागून लाकडाच्या पट्ट्या बसवून जोड बळकट करावा लागला असता, म्हणजे काम आणि खर्च दोन्ही वाढले असते. आवाजात फरक पडतो का? या जागच्या चांगल्या दुरुस्तीनंतर कानाला ओळखू येण्याजोगा फरक पडत नाही. पडतो तो किमतीत. उद्या विकताना तुम्हाला हे सांगावं लागेल, आणि सांगितल्यावर भाव उतरेल.

म्हणून गृहस्थांशी पैशांचं बोलताना फक्त दुरुस्तीचा खर्च मागणं पुरेसं नाही. तुम्ही पैसे मोजले ते न मोडलेल्या गिटारीचे. मोडून जोडलेली गिटार बाजारात तुम्ही कितीला घेतली असती, हा आकडा काढा. तो आणि दिलेली किंमत यांतला फरक, त्यात दुरुस्ती मिळवा. एवढं परत मिळत असेल आणि कारागिराला तड्याशिवाय फार काही सापडलं नसेल, तर मी तुमच्या जागी गिटार ठेवून घेईन. वरची फळी तडकली असेल, दोन-तीन ब्रेस सुटल्या असतील, मानेचा देहाशी असलेला जोडही हलला असेल, तर परत करा. आणि गिटारच इतकी स्वस्त असेल की दुरुस्ती तिच्या किमतीच्या जवळपास जाते, तर त्याचं निराळं कोडं नको. पूर्ण पैसे परत मागा.

क्लेम फेटाळला गेला तर नुकसान कुणी सोसायचं? कायद्याचं उत्तर तुमचा सौदा कसा झाला, कुठे झाला यावर ठरेल. माझं मत विचाराल तर, पॅकिंग ज्याने केलं आणि कुरिअर ज्याने निवडलं त्याच्याकडे मोठा वाटा जावा. अजाणता झालं हे खरं, तुमच्याकडूनही दोन दिवस खोका बंद राहिला हेही खरं. पण गिटार मोडली ती तुमच्या हातात येण्याआधी. त्यांनी निम्म्यावर येऊ म्हटलं तर लगेच हो म्हणू नका, आणि पूर्ण नकार दिला तर लगेच तुटेपर्यंत ताणूही नका. ज्या मार्गाने पैसे पाठवलेत तिथे खरेदीदाराला काही संरक्षण मिळतं का ते बघा. अशा तक्रारींनाही मुदत असते.

परत पाठवायचं ठरलं तर घाई करू नका. कुरिअरची पाहणी होऊन गेल्याशिवाय गिटार घराबाहेर जाऊ देऊ नका. आणि त्याच गिग बॅगेत, त्याच खोक्यात तर नकोच. अर्धवट तडकलेला हेडस्टॉक परतीच्या प्रवासात पूर्ण सुटेल आणि मग कोणतं नुकसान कोणत्या खेपेचं हे कुणालाच सांगता येणार नाही. शक्य असेल तर कुणीतरी हाताने न्यावी. नाहीच जमलं तर हार्ड केस, तारा ढिल्या, मानेखाली आधार, हेडस्टॉकच्या पुढे-मागे कागदाच्या किंवा फोमच्या मऊ गाद्या, अशा की झाकण लावल्यावर आत काहीच हलू नये. केसच्या खणात कॅपो, ट्यूनर, पट्ट्याची बक्कल असलं काही ठेवू नये, ते सुटलं की आतल्या आत गिटारीवर आदळतं. मग केसभोवती सगळ्या बाजूंनी गादी राहील एवढा मोठा खोका. वर "नाजूक" लिहायला हरकत नाही, पण सरकत्या पट्ट्यावर खोके मशीन ढकलतं, त्याला वाचता येत नाही.

ठेवून घेतलीत, तर दुरुस्त होऊन आल्यावर लगेच "सगळं मिटलं" असं गृहस्थांना लिहून देऊ नका. आठवडा-दोन आठवडे गिटार पूर्ण सुरात ठेवा, रोज वाजवा आणि मधूनमधून जोडावरून अंगठा फिरवा. रेघ बोटाला लागू लागली, किंवा सहाच्या सहा तारा एकदम उतरू लागल्या, तर जोड सरकतो आहे. तारा सैल करून कारागिराकडे परत न्या. तसं काही झालं नाही, की मग त्यांना कळवा.